नाकावाटे मेंदूकडे: जनुक शांत करणाऱ्या औषधांचा मार्ग आणि त्याची मर्यादा

तुमच्या मोठ्या भावाला हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले आहे. नाकात औषधाचे थेंब टाकून उंदरांमध्ये या आजाराचे जनुक शांत करता आले, असे तुमच्या वाचनात आले आणि हे माणसांत अजून का होत नाही, असे तुम्ही विचारले आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न असा की, पाठीच्या कण्यातून औषध देण्याच्या एका चाचणीबद्दल डॉक्टरांनी भावाला विचारले असताना ती सुई टाळून नाकाच्या स्प्रेची वाट पाहावी का. नाकावाटे मेंदूकडे औषध नेण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अलीकडची बहुतेक वर्षे आरएनएच्या औषधांवर खर्ची पडली आहेत. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. नाकापासून मेंदूपर्यंत वाट आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्या वाटेने माणसाच्या मेंदूत आज जेवढे औषध पोचू शकते, तेवढ्याने हंटिंग्टन आवरेल असे मानायला आधार नाही. त्यामुळे स्प्रेची वाट पाहत हातातली संधी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जनुक शांत करणे म्हणजे ते काढून टाकणे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जनुक पेशीच्या केंद्रकात जसेच्या तसे राहते. त्याच्यावरून प्रथिन तयार करण्यासाठी जो निरोप निघतो, म्हणजे संदेशवाहक आरएनए, तेवढा वाटेत नष्ट केला जातो. हे काम दोन प्रकारच्या औषधांनी होते. अँटिसेन्स औषध हा साधारण १८ ते २० अक्षरांचा, म्हणजे तेवढ्या रासायनिक घटकांचा, एकेरी धागा असतो. तो निरोपाच्या जुळणाऱ्या भागाला चिकटतो आणि पेशीतले एक विकर (एन्झाइम) तो निरोप तिथे कापते. एसआयआरएनए हा साधारण २१ अक्षरांचा दुहेरी धागा असतो. त्यातला एक धागा पेशीतल्या एका प्रथिनसमूहात जाऊन बसतो आणि तो समूह जुळणारे निरोप एकामागून एक कापत राहतो. या दुसऱ्या यंत्रणेचा शोध अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूत्रकृमींवर काम करताना लावला आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि २०१८ मध्ये पॅटिसिरॅन हे या तत्त्वावरचे पहिले औषध मंजूर झाले. त्यानंतर मंजूर झालेली एसआयआरएनए औषधे यकृतातले निरोप शांत करतात, आणि यामागे कारण आहे. गॅलनॅक नावाची साखर जोडली की यकृताच्या पेशी हे रेणू रक्तातून आपणहून उचलून घेतात. मेंदूच्या बाबतीत अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतींमधल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की लहान रेणूंपैकीही बहुतेक त्या भिंतीपाशीच अडतात. एसआयआरएनए तर सुमारे १३,००० ते १४,००० डाल्टन वजनाचा आणि अंगावर चाळीसेक ऋण भार असलेला रेणू आहे. म्हणूनच २०१६ मध्ये मंजूर झालेले न्यूसिनर्सेन आणि २०२३ मध्ये मंजूर झालेले टोफर्सेन ही अँटिसेन्स औषधे कमरेच्या मणक्यांमधून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सुईने सोडावी लागतात. त्यातले न्यूसिनर्सेन निरोप नष्ट करत नाही, त्याची जुळणी बदलते. पण मार्ग तोच आहे. ही सुई वर्षातून अनेक वेळा घ्यावी लागते. कण्याला बाक आलेल्या रुग्णांत ती देणे अवघड जाते आणि नंतर डोके दुखण्याचा त्रास अनेकांना होतो. नाकाच्या वाटेचे आकर्षण इथूनच सुरू होते आणि ते अगदी रास्त आहे.

आता ती वाट पाहू. नाकाच्या छताशी, साधारण दोन डोळ्यांच्या मधोमध, गंध ओळखणाऱ्या पेशींचा एक लहान पट्टा असतो. या पेशी खऱ्याखुऱ्या चेतापेशी आहेत. त्यांचे एक टोक नाकातल्या स्रावात उघडे असते आणि दुसऱ्या टोकाचे तंतू कवटीच्या तळातल्या चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन थेट मेंदूच्या घ्राणकंदाला, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागाला, मिळतात. दुसरी वाट त्रिशाखी चेतेची. ती नाकाच्या बऱ्याच भागातून निघून मेंदूच्या देठापाशी पोचते. औषध चेतापेशीच्या आतून वाहिले गेले तर तास किंवा दिवस लागतात, पण तंतूंच्या भोवतीच्या फटींतून सरकले तर ते काही मिनिटांत कवटीच्या आत जाऊ शकते. ही वाट कल्पनेतली नाही, याचा सर्वांत विदारक पुरावा म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा. दूषित पाणी नाकात गेले की तो याच चाळणीतून मेंदूत शिरतो. औषधे याच वाटेने नेण्याची कल्पना विल्यम फ्रे यांनी १९८९ मध्ये मांडली आणि पुढे इन्सुलिनपासून ऑक्सिटोसिनपर्यंत अनेक रेणूंवर ती आजमावली गेली.

तुम्ही वाचलेला प्रयोग बहुधा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला असावा. त्यात कायटोसॅन या पॉलिमरच्या नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, भरलेला एसआयआरएनए हंटिंग्टनच्या उंदरांना नाकावाटे दिला आणि मेंदूतला हंटिंग्टिनचा, म्हणजे या आजारात सदोष होणाऱ्या प्रथिनाचा, निरोप निम्म्याच्या आसपास उतरल्याचे नोंदवले गेले. हे काम महत्त्वाचे आहे. मात्र असा प्रयोग टेबलावर कसा होतो, हे डोळ्यांसमोर आणले तर पुढची अडचण समजेल. उंदराला गुंगी देऊन पाठीवर झोपवतात आणि मान मागे करतात. पिपेटच्या टोकाला दोन मायक्रोलिटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा थेंब धरून तो नाकपुडीच्या कडेला लावतात. उंदीर श्वास घेतो आणि थेंब आत ओढला जातो. मिनिट-दोन मिनिटे थांबून दुसऱ्या नाकपुडीला तेच करतात. असे दहा-बारा थेंब होईपर्यंत वीस मिनिटे जातात. गुंगीतला उंदीर शिंकत नाही आणि डोके हलवत नाही. त्याच्या नाकाची पोकळी सुमारे ३० मायक्रोलिटरची असते, म्हणजे आपण ती जवळजवळ औषधाने भरून टाकलेली असते. शिवाय त्या पोकळीच्या आतल्या पृष्ठभागाचा निम्म्याच्या आसपास भाग गंधपेशींनीच व्यापलेला असतो, कारण उंदराचे सारे आयुष्य वासावर चालते.

माणसात गंधाचा पट्टा नाकाच्या आतल्या पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांहूनही कमी असतो आणि तोही सर्वांत वरच्या, अरुंद फटीत दडलेला असतो. माणसाच्या नाकाचा पारदर्शक साचा घेऊन त्यात रंगीत पाण्याचा साधा स्प्रे मारून पाहावा. रंग नाकपुडीच्या आतल्या पहिल्या वळणावर आदळतो, खालच्या घडीवर ओघळतो आणि थोड्या वेळाने घशाकडच्या बाजूने टपकू लागतो. वरची फट मात्र जवळजवळ कोरडी राहते. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला लावतो, कारण तो पाहिल्यावर उंदरांच्या आकड्यांकडे पाहण्याची नजर बदलते. थेंब मोठे असतील तर पुढेच पडतात आणि दहा मायक्रॉनहून लहान असतील तर श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊ लागतात. जे औषध योग्य जागी पडते त्यालाही उसंत नसते. नाकातला स्राव पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे औषध घशाकडे वाहून नेतो आणि त्या स्रावातली विकरे उघड्या आरएनएचे तुकडे करत असतात. आरएनएच्या अक्षरांत रासायनिक बदल करून विकरांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला आहे. जागेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

नंतर येतो मेंदूचा आकार. उंदराचा मेंदू साधारण ०.४ ग्रॅमचा, तर माणसाचा १,३०० ते १,४०० ग्रॅमचा, म्हणजे तीन हजार पटींहून मोठा. औषध जर केवळ विसरणाने पसरत असेल, तर लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. रक्तवाहिन्यांच्या भोवतीच्या जागेतून द्रवाची जी ये-जा होते, तिने काही मदत होते, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. हंटिंग्टनमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त हानी स्ट्रायटम या खोल भागात होते. उंदरात घ्राणकंदापासून स्ट्रायटम काही मिलिमीटरवर असतो, माणसात तेच अंतर काही सेंटिमीटरचे होते, आणि आपल्या रेणूला ते पेशींच्या दाटीतून पार करायचे असते.

इथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे, कारण या विषयावर बोलताना तो सहसा कुणी मांडत नाही. माणसाच्या एका नाकपुडीत एका वेळी १०० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव नीट राहतो. त्याहून जास्त घातला तर तो ओघळून जातो. म्हणजे दोन्ही मिळून २०० मायक्रोलिटर. इन्क्लिसिरॅन या त्वचेखाली देण्याच्या एसआयआरएनए औषधात दर मिलिलिटरमागे १८९ मिलिग्रॅम औषध असते. तितका दाट द्रव नाकात वापरता आला असे धरले, तर एका वेळी जास्तीत जास्त ३८ मिलिग्रॅम औषध नाकात जाईल. नाकात दिलेल्या मोठ्या रेणूंपैकी मेंदूत पोचणारा वाटा प्राण्यांमधल्या बहुतेक मापनांत एक टक्क्याहून कमी आणि अनेकदा ०.१ टक्क्याहूनही कमी भरतो. ०.१ टक्का धरला तर मेंदूत ०.०४ मिलिग्रॅमही जात नाही. याच्या शेजारी टोफर्सेनची मात्रा ठेवून पाहा: ती १०० मिलिग्रॅम असते आणि सगळीच्या सगळी मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडली जाते. नॅनोकण वापरले तर हिशेब आणखी बिकट होतो, कारण कणांच्या द्रवात औषधाचे प्रमाण फार कमी ठेवावे लागते. पॅटिसिरॅनच्या कुपीत ते दर मिलिलिटरमागे केवळ २ मिलिग्रॅम असते. कण औषधाला सुरक्षित नेतात हे खरे, पण ते कुपीतली जागाही व्यापतात. या हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाकात औषध रोज देता येते, आणि पेशीत एकदा नीट बसलेला एसआयआरएनए आठवडे, कधी महिनेही काम करतो, त्यामुळे थोडे थोडे साठत जाऊन परिणाम वाढू शकतो. माझी आशा टिकून आहे ती मुख्यतः या एका गोष्टीवर.

मेंदूत पोचलेला रेणूही लगेच कामाला लागतो असे नाही. पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत घेते आणि त्या पिशवीतून निसटून पेशीद्रवात उतरणारा वाटा, लिपिड कणांवरच्या मापनांनुसार, एक-दोन टक्केच असतो. हा प्रश्न कण्यातल्या सुईलाही तितकाच लागू आहे.

आता पुराव्याबद्दल, कारण या क्षेत्रात सर्वांत जास्त फसगत इथे होते. काही वर्षांपूर्वी आम्ही एसआयआरएनएला चमकणारा रंग जोडून तो उंदरांना नाकावाटे दिला. चार तासांनी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर घ्राणकंदापासून मागच्या भागापर्यंत सुंदर चमक दिसत होती. त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत सगळे आनंदात होते. दुसऱ्या दिवशी त्याच मेंदूच्या उरलेल्या अर्ध्या भागातून आरएनए वेगळा काढून जेलवर, म्हणजे धागे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला, तेव्हा पूर्ण लांबीच्या धाग्याची रेघ जेमतेम दिसली. बहुतेक चमक खाली, सुट्या रंगाच्या जागी जमा झालेली होती. रंग मेंदूत गेला होता, औषध नाकातच तुटले होते. तेव्हापासून केवळ चमकणाऱ्या चित्रांवर आधारलेला दावा मी पुरावा म्हणून मानत नाही. मेंदूतल्या वाहिन्या धुऊन रक्त काढले होते का, अखंड धागा मोजला होता का, घ्राणकंद वगळून खोल भाग स्वतंत्रपणे तपासले होते का, आणि अक्षरांचा क्रम विस्कटलेला निरुपयोगी धागा त्याच कणांतून देऊन तुलना केली होती का, हे मी आधी पाहतो. शेवटची तुलना विशेष महत्त्वाची, कारण परक्या आरएनएमुळे पेशीची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि त्या गडबडीत अनेक निरोपांचे प्रमाण आपोआप घटते. ते शमन खरे नसते. रक्तातून आणि नाकातून दिलेल्या सारख्या मात्रांची तुलना नसेल, तर औषध नाकातून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत गेले असण्याची शक्यताही उरतेच.

उपकरणाचा मुद्दा माणसांवरच्या चाचण्यांत कसा आडवा येतो, याचे उदाहरण नाकावाटे दिलेल्या इन्सुलिनचे आहे. स्मृतिक्षयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फवारणीच्या पहिल्या यंत्राचा भरवसा न वाटल्याने ते मधेच बदलावे लागले आणि दुसरे यंत्र वापरणाऱ्या २४० जणांच्या मुख्य विश्लेषणात इन्सुलिनचा फायदा दिसला नाही. औषध निरुपयोगी होते की ते योग्य जागी पोचलेच नाही, हे अशा वेळी सांगता येत नाही. इन्सुलिनचा रेणू एसआयआरएनएच्या निम्म्याहूनही लहान असतो, हे इथे लक्षात घ्यावे.

नाकाला सुई लागत नाही म्हणून ही वाट निर्धोक आहे, असेही समजू नये. १९३० च्या दशकात पोलिओचा विषाणू नाकातून मेंदूत शिरतो असे मानले जात होते, कारण ऱ्हीसस माकडांत तो खरोखरच तसा शिरत असे. त्या आधारावर १९३७ च्या साथीत टोरांटोमध्ये सुमारे ५,००० मुलांच्या नाकात झिंक सल्फेटची फवारणी केली गेली. साथीपासून संरक्षण मिळाले नाही. काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली. माणसात पोलिओ आतड्यांतून शिरतो, हे नंतर स्पष्ट झाले. प्राण्याच्या नाकावरून माणसाच्या नाकाबद्दल काढलेला निष्कर्ष किती महाग पडू शकतो, हे मला या घटनेइतके दुसऱ्या कशातून शिकायला मिळालेले नाही. दुसरी घटना स्वित्झर्लंडमधली, २०००-०१ च्या हंगामातली: नाकावाटे देण्याच्या एका फ्लूच्या लसीत जिवाणूच्या विषापासून बनवलेला सहायक घटक होता, आणि ती घेतलेल्यांत चेहऱ्याच्या अर्धांगाचे प्रमाण बरेच वाढल्याचे आढळल्याने ती मागे घ्यावी लागली. आरएनए वाहून नेण्यासाठी वापरले जाणारे धनभारित लिपिड आणि पॉलिमर नाजूक गंधपेशींना त्रास देऊ शकतात. हंटिंग्टनसारख्या आजारात औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागणार, म्हणून नाकाच्या पेशींची दीर्घकाळ तपासणी झाल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

मग या वाटेला भवितव्य आहे का? माझ्या मते आहे, पण ते आधी अशा आजारांत दिसेल जिथे लक्ष्य वाटेच्या जवळ आहे किंवा फार थोड्या औषधाने भागते. पार्किन्सनमध्ये घ्राणकंद फार लवकर बाधित होतो. या आजारात पेशींत साठणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे जनुक शांत करण्यासाठी, ठरावीक चेतापेशीच ओळखतील असा लहान रेणू अँटिसेन्स किंवा एसआयआरएनएला जोडून तो उंदरांना नाकावाटे देण्याचे प्रयोग झाले आहेत. मोठे नॅनोकण बांधण्यापेक्षा अशी छोटी जोडणी मला अधिक आश्वासक वाटते, कारण तिच्यात द्रव दाट ठेवता येतो आणि अनावश्यक घटक कमी राहतात. त्याबरोबर नाकाच्या वरच्या फटीपर्यंत द्रव पोचवणारी उपकरणेही सुधारत आहेत.

आता तुमच्या भावाबद्दल. कण्यातून दिलेले औषध मेंदूच्या बाहेरच्या थरांत चांगले पोचते आणि खोल भागांत कमी, ही त्या मार्गाची मर्यादा आहे. टोमिनर्सेन या हंटिंग्टनच्या अँटिसेन्स औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत मार्च २०२१ मध्ये औषध देणे थांबवावे लागले, कारण दर आठ आठवड्यांनी मात्रा घेणाऱ्या रुग्णांची स्थिती औषधाविना असलेल्या गटापेक्षा वाईट झाली होती. तेव्हा डॉक्टरांना नेमके विचारा: हे औषध दोषी आणि निरोगी दोन्ही हंटिंग्टिन कमी करते की केवळ दोषी, मात्रा किती अंतराने दिली जाते, आणि मज्जारज्जूच्या द्रवातले हंटिंग्टिन आधीच्या रुग्णांत खरोखर उतरलेले दिसले आहे का. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा, की या चाचणीत भाग घेतल्यावर पुढे जनुक शांत करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत घेतले जाईल का, कारण अनेक चाचण्यांचे निकष अशा रुग्णांना वगळतात. उत्तरे समाधानकारक असतील तर स्प्रेच्या आशेवर थांबू नका. आजाराच्या एका विशिष्ट टप्प्यापर्यंतच चाचणीत प्रवेश मिळतो आणि गेलेल्या चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही. उद्या कुणी नाकात टाकण्याचे जनुक-शमनाचे थेंब विकत देऊ लागले तर ते मात्र घेऊ नका. हंटिंग्टनसाठी असे कोणतेही औषध आज मंजूर झालेले नाही.